पेन्शनला दोन वर्षं उरलीत आणि कंबर दुखतेय? रिलीज मेडिकल बोर्डाची तयारी आत्ताच सुरू करा

एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंट म्हणून मी बरीच वर्षं काढली. सिक रिपोर्टच्या, म्हणजे आजारी जवानांच्या तपासणीच्या, रजिस्टरमध्ये एक ओळ माझ्या हातून शेकडो वेळा लिहिली गेली असेल. तारीख, आर्मी नंबर, रँक, नाव, पुढे 'कंबरदुखी', त्यापुढे डायक्लोफेनॅकच्या सहा गोळ्या आणि शेवटी 'एम अँड डी'. म्हणजे मेडिसिन अँड ड्यूटी. औषध घे, कामावर जा.

सतरा-वीस वर्षं दुखणं अंगावर काढलेल्या जवानाकडे पेन्शनच्या वेळी पुरावा म्हणून बहुतेक वेळा एवढीच ओळ असते. तीही त्याच्याकडे नसते. ती युनिटच्या रजिस्टरमध्ये असते, पोस्टिंग झालं की रजिस्टर मागे राहतं आणि जुनं झालं की कुठल्या तरी पेटीत जातं. जवान घरी येतो, वर्षभरात जिना चढणं अवघड होतं, मग कुणीतरी सांगतं की रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे घरी जाण्याआधी दुखणं तपासून नोंदवणारा डॉक्टरांचा बोर्ड, करून घ्यायचा होतास. तोवर गाडी निघून गेलेली असते.

आर्मीतून पुढच्या दोन-तीन वर्षांत घरी येणाऱ्या जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि ओआर (शिपाई ते हवालदार) मंडळींसाठी, त्यातही ज्यांची कंबर, मान, गुडघे किंवा सगळं अंगच महिनोन्महिने दुखतंय त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. घरच्यांनीही वाचावं. दुखणं लपवायची सवय आपल्या माणसाला असते, त्याला सिक रिपोर्टला ढकलायचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

बोर्ड कुणाचा होतो, हे आधी समजून घ्या

आपली मेडिकल कॅटेगरी शेप या पाच अक्षरांवर चालते. एस म्हणजे मानसिक स्थिती, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण ताकद, ई म्हणजे डोळे. प्रत्येकाला १ ते ५ असा ग्रेड असतो. सगळीकडे १ असला की तुम्ही शेप-वन. कुठेही २ किंवा ३ आला की लो मेडिकल कॅटेगरी, आपल्या भाषेत 'कॅट लागली'.

बरेच जण गफलत करतात ती इथेच. घरी जाताना सगळ्यांची तपासणी होते, पण सगळ्यांची सारखी होत नाही. शेप-वन जवानाची साधी रिलीज तपासणी एएफएमएसएफ-१८ या फॉर्मवर होते. त्यात 'फिट' लिहिलं की विषय संपला. रिलीज मेडिकल बोर्ड होतो तो कॅटेगरीतल्या माणसाचा. त्याचा फॉर्म एएफएमएसएफ-१६, आणि दुखणं सर्व्हिसमुळे आहे का, किती टक्के आहे, किती काळासाठी आहे हे फक्त तिथेच लिहिलं जातं. डिसॅबिलिटीचा पैसा याच कागदावर उभा राहतो.

थोडक्यात, कंबर कितीही मोडलेली असली तरी कागदावर तुम्ही शेप-वन असाल तर तुमच्यासाठी बोर्ड बसणारच नाही. म्हणून तयारी बोर्डाच्या तारखेपासून सुरू होत नाही, कॅटेगरीपासून सुरू होते.

किती आधी सुरुवात करायची

निदान दीड वर्ष आधी. जमलं तर दोन.

हिशेब सोपा आहे. सिक रिपोर्ट, आरएमओ किंवा एएमए, म्हणजे युनिटच्या डॉक्टरकडून एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) रेफर, स्पेशालिस्टची तारीख, एमआरआय, पुन्हा स्पेशालिस्ट. यातच दोन-तीन महिने जातात. मग कॅटेगरी लागते ती आधी टेम्पररी. कागदावर टी-२४ दिसलं तर ती चोवीस आठवड्यांसाठी आहे. चोवीस आठवड्यांनी रिव्ह्यू. आराम नसेल तर पुन्हा टेम्पररी, आणि दुखणं हटत नाही हे दिसलं की पर्मनंट. वर्ष सहज निघून जातं. त्यातच डिस्चार्ज ड्रिल, पेन्शनची कागदपत्रं, साठलेली रजा. शेवटच्या सहा महिन्यांत धावाधाव सुरू केली तर डॉक्टरांनाही संशय येतो की हे दुखणं पेन्शन जवळ आल्यावरच कसं उगवलं. तो संशय नेहमी चुकीचा असतो असं मी म्हणणार नाही, पण खरं दुखणं असलेला माणूस त्यात भरडला जातो.

कॅट लागली तर प्रमोशन जाईल, मुदतवाढ मिळणार नाही, ही भीती मला कळते. मुदतवाढ देताना मेडिकल कॅटेगरी पाहतात, हे खरं आहे. पण शेवटची दोन वर्षं उरली असतील आणि पुढचं प्रमोशन समोर नसेल तर लपवून तुम्ही काय वाचवताय, याचा हिशेब घरच्यांसोबत बसून एकदा करा. आणि रोज गोळी खाऊन ड्यूटी करण्याला काही वर्षांनी किडनी आणि पोट हिशेब मागतात, हेही त्यात धरा.

सिक रिपोर्टला दुखणं सांगायचं कसं

माझ्याकडे एक हवालदार यायचा, आपल्याच साताऱ्याकडचा. दर महिन्याला एकच वाक्य. "भाऊ, कंबर धरलीय, गोळी दे." एकदा मी त्याला बूट बांधताना पाहिलं. उजवा पाय पायरीवर ठेवून त्याने लेस बांधली. डावा पाय वर येईना. मग दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून त्याने तो पायरीवर उचलून ठेवला, दम घेतला, लेस कशीबशी बुटात कोंबली आणि उठला. विचारलं तर म्हणाला, "आता दोन वर्षं झाली, असंच चाललंय." हे त्याने आरएमओ साहेबांना एकदाही सांगितलं नव्हतं. रजिस्टरमध्ये चोवीस वेळा 'कंबरदुखी' होतं, आणि डावा पाय उचलत नाही हे एकदाही नव्हतं.

डॉक्टरांना 'दुखतंय' या शब्दातून फार थोडं कळतं. त्यांना कळतं ते काय करता येत नाही यातून. म्हणून जाण्याआधी एका वहीत दोन-तीन आठवडे रोज लिहा. उठल्यावर अंग किती वेळ आखडलेलं असतं. किती मिनिटं उभं राहता येतं. संतरी ड्यूटीत किती वेळाने टेकू घ्यावा लागतो. पाठीवरचं वजन कितीपासून नको होतं. रात्री किती वेळा जाग येते. दुखणं पायात उतरतं का, कुठपर्यंत उतरतं, मुंग्या येतात का. शून्य ते दहा या मापात रोजचा आकडाही टाका. वाढवून लिहू नका. ज्या दिवशी तीन असेल त्या दिवशी तीनच लिहा. रोज दहा लिहिणाऱ्याची वही कुणी गंभीरपणे घेत नाही.

मग आरएमओ साहेबांसमोर नीट सांगा: "साहेब, तीन महिन्यांच्या वर झालं, गोळीने तेवढ्यापुरतंच बरं वाटतं, स्पेशालिस्टला दाखवायचं आहे." तीन महिने हा आकडा उगाच सांगत नाही. त्याहून जास्त टिकलेल्या दुखण्यालाच वैद्यकशास्त्रात जुनाट दुखणं धरतात. रेफरलची नोंद तुमच्या मेडिकल डॉक्युमेंट्समध्ये झाली का ते बघा आणि प्रत्येक कागदाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. तुमच्या तब्येतीच्या कागदांचा फोटो काढायला लाजू नका.

एक गोष्ट मात्र बोर्डाबिर्डाच्या आधीची. कंबरदुखीसोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी व्हायला लागली तर सकाळच्या सिक रिपोर्टची वाट पाहू नका. रात्र असली तरी लगेच इमर्जन्सी गाठा. मणक्याच्या शेवटच्या नसा दाबल्या गेल्याची ती लक्षणं असतात आणि तिथे तास मोजले जातात.

निदानाला नाव मिळवा

'लो बॅक पेन', म्हणजे कंबरदुखी, हे नुसतं लक्षण आहे. बोर्डापुढे ते एकटंच गेलं तर हलकं पडतं. स्पेशालिस्टकडून शक्य तितकं नेमकं निदान लिहून आलं पाहिजे.

कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली असेल तर पीआयव्हीडी. आडवं झोपवून पाय सरळ वर उचलायला लावतात, किती अंशांवर दुखतं ते लिहितात, आणि एमआरआयमध्ये कुठल्या मणक्यांच्या मध्ये ते दिसतं. एमआरआयच्या रिपोर्टमधला 'एल-४ एल-५' (कमरेचा चौथा-पाचवा मणका) असा शब्द आणि पायातली कळ एकमेकांशी जुळते का हे डॉक्टर पाहतात. म्हणूनच मघाशी म्हटलं, कळ कुठपर्यंत उतरते ते नीट सांगा.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणका आखडवणारा संधिवात, हा दुसरा प्रकार, आणि तरुण जवानांमध्ये बरेचदा उशिरा ओळखला जाणारा. दुखणं चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेलं, पहाटे जास्त, सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडलेपण, आणि नवल म्हणजे आराम केला की वाढतं, पीटीला हालचाल झाली की कमी होतं. असं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा एक्स-रे किंवा एमआरआय आणि एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी त्यासाठी असते. "हालचाल केली की बरं वाटतं" म्हटलं तर आपल्याला खोटारडं समजतील, म्हणून काही जण हे लपवतात. उलट त्याच वाक्यावर निदान उभं राहतं.

तिसरा प्रकार सगळ्यांत अवघड. सगळं अंग दुखतं, झोप झाली तरी झोपल्यासारखं वाटत नाही, डोकं जड, विसरायला होतं, आणि एमआरआय, रक्त सगळं नॉर्मल. फायब्रोमायल्जिया हे नाव असलेला हा आजार आहे, माणसाच्या मनाचे खेळ नाहीत. रिपोर्ट नॉर्मल येणं हे त्यात अपेक्षितच आहे. निदान होतं ते शरीराच्या १९ जागांपैकी किती जागी दुखतं, थकवा आणि झोप कशी आहे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय का, यावरून. त्यासाठी मेडिकल स्पेशालिस्ट किंवा सांधेरोगतज्ज्ञाकडे रेफरल मागा. युनिटजवळच्या एमएचला तो विषय नसेल तर वरच्या हॉस्पिटलला पाठवता येतं. आपल्याकडे पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा मुंबईचं आयएनएचएस अश्विनी.

सायकियाट्रिस्टचं मत घ्यायला सांगितलं की बरेच जण बिथरतात. "मला वेडा ठरवताहेत." तसं नसतं. वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्याची झोप आणि मन थकतंच, त्यावर उपचार झाले तर दुखणंही सुसह्य होतं. जा, आणि खरं सांगा.

सुरुवात कुठे झाली, हे कागदावर आणा

बोर्ड दोन प्रश्नांची उत्तरं लिहितो. दुखणं सर्व्हिसमुळे झालं का, म्हणजे अट्रिब्युटेबल आहे का. आणि आधीपासून असलेलं किंवा आपोआप झालेलं दुखणं सर्व्हिसमुळे वाढलं का, म्हणजे अॅग्रॅव्हेटेड आहे का. दोन्हींना 'नाही' आलं की त्याला नाना म्हणतात, आणि नाना लिहिलेल्या केसला लढावं लागतं.

एखाद्या ठरावीक दिवशी लागलं असेल, बॅटल ऑब्स्टॅकल कोर्समध्ये पडलात, गाडीतून सामान उतरवताना पाठ लचकली, तर त्याचा इंजुरी रिपोर्ट झाला होता का ते शोधा. तो आयएएफवाय-२००६ या फॉर्मवर असतो, आणि दुखापत मोठी असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीही होते. तुमच्या कागदांत तो नसेल तर त्या वेळच्या युनिटकडे अर्ज करून कॉपी मागा. हे काम पेन्शन झाल्यावर दहापट अवघड होतं, कारण तोवर त्या वेळचे साक्षीदारही घरी गेलेले असतात.

ठरावीक दिवस नसेल, हळूहळूच सुरू झालं असेल, तर पोस्टिंगचा क्रम हाच तुमचा पुरावा. कुठल्या साली कुठे, फील्ड (सीमेवरचा किंवा ऑपरेशनचा भाग) की पीस (शांततेचं ठाणं), हाय अल्टिट्यूड होतं का, काम काय होतं. ड्रायव्हर होता की मॉर्टर प्लॅटूनमध्ये, हे महत्त्वाचं आहे. मॉर्टरची बेसप्लेट पाठीवर घेऊन चढण चढलेल्या माणसाच्या मणक्यावर काय भार येतो ते ऑफिसमधल्या कारकुनाला सुचणार नाही. आणि पहिली तक्रार कुठे केली हेही बघतात. फील्डमध्ये दुखत होतं पण पहिला सिक रिपोर्ट पीसला आल्यावर केला, म्हणून 'ऑनसेट पीस एरियात' असं लिहून केस फेटाळली गेलेली मी पाहिली आहे.

फॉर्म भरताना

एएफएमएसएफ-१६ मध्ये पहिला भाग तुमच्या स्वतःच्या निवेदनाचा असतो. हा भाग क्लार्कने भरून आणला आणि तुम्ही सही ठोकली असं होऊ देऊ नका. भरतीपूर्वी हा त्रास होता का, या प्रश्नाला घाईत 'हो' ची खूण झाली तर ती पुढे कायम आडवी येते. आजार कधी, कुठे सुरू झाला, कुठे उपचार झाले याच्या तारखा तुमच्या पोस्टिंगशी आणि एमएचच्या कागदांशी जुळल्या पाहिजेत. इंग्रजी येत नसेल तर विश्वासातल्या माणसाला वाचून दाखवायला सांगा, आणि मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

कमांडिंग ऑफिसरने भरायचा भागही असतो, त्यात तुमच्या ड्यूटीचं स्वरूप येतं. तिथे 'नॉर्मल ड्यूटी' एवढंच जाण्याआधी कंपनी कमांडर साहेबांना भेटून सांगा की मागची तीन वर्षं मी अमुक ठिकाणी अमुक काम केलं आहे. साहेब नवीन असतील तर त्यांना तुमचा इतिहास ठाऊक नसतो, तुम्ही सांगितला तरच कळणार.

आणखी एक सापळा ऑपरेशनचा. मणक्याचं ऑपरेशन सुचवलं आणि तुम्ही नको म्हणालात, तर फॉर्मवर नकार आणि त्याची कारणं लिहितात. विनाकारण नकार दिला असं ठरलं तर त्याचा टक्केवारीवर परिणाम होऊ शकतो. ऑपरेशनची भीती रास्त आहे. पण "नको" एवढ्यावर थांबू नका. यशाची खात्री किती, धोका किती, फिजिओथेरपीने काय होईल हे स्पेशालिस्टना विचारा, आणि कारणासकट नकार नोंदवा.

बोर्डाच्या दिवशी

साधारणपणे एक प्रेसिडेंट आणि दोन मेंबर असे डॉक्टर बसतात. तपासणी फार वेळ चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. सगळे जुने कागद तारखेच्या क्रमाने फाइलला लावून न्या, ओरिजिनल आणि झेरॉक्स वेगवेगळे.

सवयीने कडक सावधान उभं राहून "सब ठीक है साहब" म्हणू नका. वीस वर्षांची सवय आहे, मला माहीत आहे, जीभ आपोआप तेच बोलते. बेडवर चढताना जसा त्रास होतो तसंच चढा, लपवू नका, आणि नाटकही करू नका. वाकायला सांगून झाल्यावर तुम्ही मोजे कसे घालता याकडेही डॉक्टर बघत असतात. दोन्हींत तफावत दिसली की विश्वास उडतो.

निकाल आल्यावर

टक्केवारी वीसच्या खाली आली तर डिसॅबिलिटीचा पैसा मिळत नाही. वीस आणि त्याच्या वर, आणि अट्रिब्युटेबल किंवा अॅग्रॅव्हेटेड, या दोन्ही अटी लागतात. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला डिसॅबिलिटीचा भाग, शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा धरतात, म्हणजे ४० टक्के असेल तर १२ टक्के. २१ सप्टेंबर २०२३ पासून घरी येणाऱ्यांना नवे एन्टायटलमेंट नियम लागू आहेत, आणि मुदत पूर्ण करून येणाऱ्यासाठी डिसॅबिलिटी एलिमेंटऐवजी 'इम्पेअरमेंट रिलीफ' हा शब्द आला आहे. जुन्या पेन्शनर मित्राचं पत्र समोर ठेवून स्वतःचा हिशेब करू नका.

सुप्रीम कोर्टाचा २०१३ सालचा धरमवीर सिंग निकाल सगळे सांगतात. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सर्व्हिसमध्येच झाला असं मानावं, आणि बोर्डाने कारणं लिहावीत, असं त्यात आहे. निकाल मोलाचा आहे. पण तो १९८२ च्या नियमांवर उभा आहे आणि नंतर नियमांची भाषा बदलली आहे, म्हणून निकालाच्या भरवशावर कागद ढिले सोडू नका.

अग्निवीरांचं गणित वेगळं आहे. त्यांना पेन्शन नाही, सर्व्हिसमुळे आलेल्या अपंगत्वाला एकरकमी रक्कम आहे: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. चार वर्षांत हातात वेळच कमी, म्हणून ट्रेनिंगमध्ये लागलेल्या मारापासूनच इंजुरी रिपोर्टचा आग्रह धरा.

केस फेटाळल्याचं पत्र आलं तर ते आलेल्या तारखेसकट जपून ठेवा, पाकीटसुद्धा. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत रेकॉर्ड ऑफिसमार्फत करायचं, ते फेटाळलं तर दुसरं, आणि त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. महाराष्ट्रासाठी त्याचं बेंच मुंबईत आहे. बोर्डाची कॉपी दिली नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अपिलात भावना थोड्या आणि तारखा जास्त लिहा. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि जाताना ती दुखण्याची वही सोबत न्या.